जेन कॉन, इंडियानापोलिस : अनोळखी सहा जणांसाठी एक गड

मोरपंखी

२०२४ च्या ऑगस्टात, १ ते ४ तारखेला, इंडियानापोलिसच्या जेन कॉन या खेळांच्या मेळ्याला जाऊन आले. नुसती बघायला नाही. तिथे सूत्रधार म्हणून तीन खेळ चालवले, प्रत्येकी चार तासांचे, आणि प्रत्येक वेळी समोर सहा नवे चेहरे. दोघातिघांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून विचारलं, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

ज्यांना जेन कॉन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावात गॅरी गायगॅक्स यांनी हॉर्टिकल्चरल हॉल भाड्याने घेतला आणि पटावर लढाया खेळणारे शौकीन जमवले. गावाचं नाव आणि प्रसिद्ध जिनिव्हा कन्व्हेन्शन यांवरून नाव पडलं जेन कॉन. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ('डी अँड डी') हा पात्रं घेऊन गोष्ट खेळण्याचा खेळ आला. त्याला २०२४ मध्ये पन्नास वर्षं झाली, त्यामुळे उत्साह जरा जास्तच होता. २००३ पासून हा मेळा इंडियानापोलिसला भरतो आणि २०२४ ला तिथे ७१ हजारांहून जास्त माणसं आली.

आम्ही शिकागोजवळ राहतो. आय-६५ महामार्गाने साधारण १८० मैल, तीन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि मध्येच पवनचक्क्यांचं रान सुरू होतं. ते सुरू होतं त्याच सुमाराला घड्याळ एक तास पुढे जातं, कारण शिकागो सेंट्रल वेळेवर आणि इंडियानापोलिस ईस्टर्न वेळेवर. हे मला माहीत होतं. तरी गुरुवारी पहाटे पाचला निघताना 'नऊच्या खेळाला चार तास आहेत' असाच हिशेब डोक्यात बसला होता. पवनचक्क्या दिसल्या, फोनवरचे आकडे बदलले आणि पोटात गोळा आला. टेबलाशी पोचायला नऊ वाजून वीस मिनिटं झाली. सहाच्या सहा जण थांबले होते. त्यांनी या खेळासाठी मे महिन्यात नोंदणी केली होती, तिकिटाचे पैसे भरले होते. कोणी चिडलं नाही, पण त्यांची ती वीस मिनिटं मला शेवटपर्यंत भरून काढता आली नाहीत. खेळ चालवणार असाल तर आदल्या संध्याकाळी पोचा. याला दुसरा पर्याय नाही.

आता खेळाबद्दल. मी एक गड घेऊन गेले होते. नाव काल्पनिक, काळ सतराव्या शतकातला, ऋतू आषाढाचा. शिबंदी थोडी, धान्य नऊ दिवसांचं, खाली वेढा. शिवकाळात गडाचा कारभार एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे असत, म्हणजे एकटा माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये. जोडीला कोठाराचं बघायला कारखानीस. हे वाचलं तेव्हाच वाटलं होतं की हा तयार खेळ आहे! किल्ल्या एकाकडे, हजेरीचा कागद दुसऱ्याकडे, पहारे तिसऱ्याकडे, धान्य चौथ्याकडे. कोणालाच एकट्याने काही करता येत नाही, बोलावंच लागतं. या चौघांखेरीज तोफेवरचा एक गोलंदाज आणि एक वैद्यीण, अशी सहा पात्रं केली. नियम 'डी अँड डी'च्या पाचव्या आवृत्तीचे ठेवले, पण जादू काढून टाकली. प्रत्येकाचा कागद लॅमिनेट केला आणि पात्राचं नाव कसं उच्चारायचं तेही लिहिलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून कधीकाळी आणलेली एक वीतभर लोखंडी किल्ली घरात पडून होती, ती बरोबर नेली. जो हवालदार होईल त्याच्या हातात ती द्यायची.

एकच नियम मोठ्या अक्षरांत लिहून टेबलाच्या मधोमध ठेवला होता : सूर्य मावळला की दरवाजे बंद, आणि सकाळपर्यंत ते कोणासाठीही उघडत नाहीत.

शुक्रवारच्या दुपारी हवालदार झाले एक आजोबा, सत्तरीच्या आसपासचे. जेन कॉन मिलवॉकीला भरायचं तेव्हापासून येतात म्हणाले. त्यांनी खिशातून कातड्याची छोटी पिशवी काढली आणि एक फासा माझ्या तळहातावर ठेवला. वीस बाजूंचा, सत्तरच्या दशकातला, मऊ प्लास्टिकचा. घरंगळून घरंगळून कडा इतक्या झिजलेल्या की तो जवळजवळ गोटीच झाला होता. त्या काळी अशा फाशांवर १ ते २० आकडे नसत. ० ते ९ हेच दोनदा असत, आणि खाचांत रंगही भरलेला नसे. तो आपणच मेणाच्या खडूने भरायचा. यांनी अर्ध्या बाजू काळ्या केल्या होत्या, अर्ध्या लाल. लाल आला की दहा मिळवायचे. लाल खडू बऱ्याच खाचांतून उडाला होता.

वैद्यीण झालेली मुलगी कॉलेजच्या वयाची. अडीच तास जवळजवळ गप्प. विचारलं की मान हलवायची, फासा टाकायची, परत गप्प. मी तिच्या कागदावर एक ओळ लिहिली होती : खालच्या वाडीत एक बाई अवघडलेली आहे, तिला तुम्ही शब्द दिला आहे. सूर्य मावळला, दरवाजे लागले आणि वाडीतून निरोप आला. सगळे हवालदाराकडे बघायला लागले. आजोबांनी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि मान हलवली, नाही. सरनोबत झालेल्या गृहस्थांनी समजावून पाहिलं, सबनीस चिडला. आजोबा हलेनात. आणि ही मुलगी अगदी हळू म्हणाली, "मी कड्यावरून उतरते."

माझ्या अंगावर काटा आला. मी हे लिहिलेलं नव्हतं.

आजोबांनी किल्ली खाली ठेवली नाही. दुसऱ्या हाताने आपला फासा तिच्यापुढे सरकवला. तिने टाकला, तो थांबेचना. सहाही जण उभे राहून बघत होते. पाण्याच्या बाटलीला अडून थांबला तेव्हा वर लाल सात होता.

खेळ संपल्यावर मी त्यांना हिरकणीची गोष्ट सांगितली. कोजागिरीची रात्र, रायगडाचे बंद दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि कडा उतरून गेलेली गवळण. ती मुलगी रडायलाच लागली. आजोबांनी विचारलं, "मग राजाने त्या जागेचं काय केलं?" म्हटलं, बुरूज बांधला, तिच्याच नावाचा. त्यांनी मान डोलावली आणि तेव्हा कुठे किल्ली माझ्या हातात दिली.

काही विचारायचं असेल तर विचारा. सगळं एका दमात लिहिणं झालं नाही.

घाटावरचा

वाचनखूण साठवली आहे. फारच सुंदर. खर्च आणि राहण्याची सोय याबद्दल लिहाल का? मी डेट्रॉइटला असतो, पुढच्या वर्षी जमवायचा विचार आहे.

मोरपंखी

घाटावरचा, चार दिवसांचा बॅज, म्हणजे प्रवेशाचा पास, शंभर डॉलरच्या वर जातो. खेळ चालवणाऱ्यांना ठरावीक तास भरले की बॅजचे पैसे परत मिळण्याची सोय असते, पण तेवढ्यासाठी जास्तीचे खेळ अंगावर घेऊ नका. दिवसाला एक पुरे, दोन म्हणजे घसा संपला.

खरी चुरस हॉटेलची. मेळ्यामार्फत खोल्या मिळतात, पण तिथे प्रत्येकाला वेळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून येते. आपली वेळ उशिराची आली की कन्व्हेन्शन सेंटरजवळचं काही उरत नाही. सेंटरला लागून काही हॉटेलं अशी आहेत की बंदिस्त पुलावरून थेट आत जाता येतं. त्यांतलं एखादं मिळालं तर नशीब. आम्हाला गावाबाहेरचं मिळालं आणि रोज गाडी लावायचे पैसे वेगळे गेले. चौघं मिळून एक खोली घेतली तर परवडतं.

खेळाची नोंद मात्र हिवाळ्यातच द्यावी लागते. नाव, चार ओळींचं वर्णन, कोणते नियम, किती खेळाडू, किती तास, नवख्याला चालेल का. वर्णनात सगळं खरं लिहा. मी 'जादू नाही, राक्षस नाहीत' असं स्वच्छ लिहिलं होतं, म्हणून ज्यांना तेच हवं होतं ती माणसं आली.

ठाण्याची_मावशी

मोरपंखी, तुझं लिखाण नेहमी वाचते. पण बाळा, मला पत्ते, सारीपाट, फार तर व्यापार यापलीकडचं कळत नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत, मग हे सहा जण चार तास नेमकं करतात काय? आणि जिंकतं कोण?

मोरपंखी

मावशी, भातुकली आठवा. तू आई, मी पाहुणी, हा दगड म्हणजे चूल. सगळं बोलण्यातून उभं राहायचं. आणि मग भांडण व्हायचं, 'मी पोचले' – 'नाही पोचलीस'. या खेळात ते भांडण फासा मिटवतो. सोपी गोष्ट असेल तर लहान आकडाही चालतो, अवघड असेल तर मोठा यावा लागतो. आणि एक जण सूत्रधार असतो. तो कोणाच्या बाजूने नसतो. पाऊस, वेढा, वाडीतली माणसं, हे सगळं त्याच्या तोंडून बोलतं. जिंकत कोणीच नाही. गड राहतो किंवा जातो, सगळ्यांचा मिळून.

ठाण्याची_मावशी

आता कळलं. म्हणजे कीर्तनासारखं, पण समोरच्यांनी मध्ये बोलायचं! मला आवडलं असतं गं.

सह्यमित्र

लेखन प्रभावी आहे, पण एक खटकलं ते स्पष्ट लिहितो. गेली वीस वर्षं गड हिंडतो आहे. गडावर माणसं खरी मेली आहेत. आषाढात उपाशी राहून त्यांनी गड झुंजवले. ते सगळं परक्या देशात, ज्यांना रायगड नकाशावर दाखवता येणार नाही अशा लोकांपुढे फासे टाकून खेळायचं? आकडा कमी आला की गड पडला? हे मनाला पटत नाही.

मोरपंखी

सह्यमित्र, हा प्रश्न मलाही वर्षभर पडला होता आणि त्यावरूनच काही गोष्टी ठरवल्या. गड काल्पनिक ठेवला. महाराज पात्र म्हणून नाहीत, त्यांचं नाव येतं ते फक्त एका पत्राच्या शेवटी. कोणाही ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी मी वाक्य घातलेलं नाही. आणि फितुरीचं पात्र कोणालाही दिलं नाही. ते केलं असतं तर खेळ रंगला असता, पण मला ते नको होतं.

फाशाबद्दल म्हणाल तर, गड एका आकड्यावर पडत नाही. धान्य किती वाटायचं, दार उघडायचं का, जखमी माणसाला पहाऱ्यावर ठेवायचं का, हे सगळं माणसंच ठरवतात. शनिवारच्या खेळात कारखानीस झालेल्या बाईंनी सातव्या दिवशी स्वतःचा वाटा सोडला. कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा काही फायदाही मिळणार नव्हता. त्या नऊ दिवसांचं थोडं तरी ओझं त्यांना जाणवलं, असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठ

सह्यमित्रांची भावना समजते, पण सोंगट्या आणि पट आपल्याला परके नाहीत. पचीसीचंच रूप इंग्लंडात जाऊन १८९६ मध्ये ल्युडो म्हणून पेटंट झालं. मोक्षपटात तर चांगली-वाईट कर्मं, शिड्या आणि साप, शेवटी मोक्ष, सगळा परमार्थ कवड्यांवर मांडलेला होता. ज्ञानेश्वरांच्या नावाशी ती परंपरा जोडली जाते. पुढे तो पट विलायतेत गेला आणि तिथून 'शूट्स अँड लॅडर्स' म्हणून १९४३ मध्ये अमेरिकेत विकला जाऊ लागला. त्या प्रवासात त्यातला परमार्थ गळून गेला. मोरपंखीताई उलट दिशेने निघाल्या आहेत, अर्थासकट नेत आहेत.

सह्यमित्र

फितुरीबद्दलचं वाचून बरं वाटलं. माझा आक्षेप पूर्ण गेलेला नाही. पण सातव्या दिवशीच्या कारखानीसबाईंचं वाचून थांबलो, एवढं कबूल करतो. चिलखती बुरूज, चोरदिंडी, पाण्याची टाकी कशी दाखवायची याबद्दल काही मदत हवी असेल तर फोटो आहेत माझ्याकडे.

मोरपंखी

हवी आहे! व्यनि करते. खांबटाक्याचे असतील तर आधी तेच.

राइनकाठचा_राऊ

जर्मनीतल्या एसेनच्या श्पील मेळ्याला दर ऑक्टोबरात जातो, म्हणून चार शब्द. १९८३ पासून चालू आहे आणि २०२४ ला चार दिवसांत दोन लाखांहून जास्त लोक आले. पण तो मेळा वेगळा. तिथे नवे पटखेळ मांडलेले असतात. टेबल रिकामं झालं की बसायचं, दुकानदाराचा माणूस नियम सांगतो, आवडला तर विकत घ्यायचा. परत येताना बॅग भरते. तुम्ही लिहिलंय तसं चार तास एका टेबलाशी, एकाच गोष्टीत बसून राहणं मला तिथे फारसं मिळालं नाही. त्यासाठी युरोपातल्यांनी बर्मिंगहॅमचा यूके गेम्स एक्स्पो बघावा, तिथे अशा खेळांची टेबलं लागतात.

नवखा_सूत्रधार

ताई, मी पुण्यात असतो. वर्षभर मित्रांबरोबर 'डी अँड डी' चालवतोय. पुढच्या महिन्यात एका कॅफेत पहिल्यांदाच अनोळखी लोकांसाठी टेबल घेतलंय, साडेतीन तासांचं. माझा प्रॉब्लेम असा की मित्रांबरोबर आमचा एक प्रसंगच तीन तास चालतो. वेळेत संपवायचं कसं?

मोरपंखी

नवख्या, यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आधी शेवट लिही. नऊ दिवसांपैकी नववा दिवस मी पूर्ण तयार ठेवला होता, मधले दिवस चिठ्ठ्यांवर. एका चिठ्ठीवर एक प्रसंग : विहिरीत मेलेलं जनावर, तटाला पडलेली चीर, वाडीतून आलेला निरोप. हातात आठ चिठ्ठ्या ठेवायच्या आणि मनात धरायचं की चारच होणार. उरलेल्या चारांचं वाईट वाटून घ्यायचं नाही. घड्याळ समोर ठेव, आणि शेवटचा पाऊण तास उरला की हातात काहीही असो, शेवटाकडे वळ. सैपाक अर्धा राहिला तरी पंगत वेळेवरच बसली पाहिजे, तसं.

पात्रं आयती दे. अनोळखी माणसांना पात्र बनवायला बसवलंस तर तास तिथेच गेला. नियम पाच मिनिटांपेक्षा जास्त सांगू नकोस. पहिला फासा दहाव्या मिनिटाला पडला पाहिजे.

आणि गप्प बसणाऱ्याकडे लक्ष ठेव. ओढून बोलायला लावू नकोस, ते फार वाईट. त्याच्या कागदावर एक गोष्ट अशी ठेव जी फक्त त्याच्याजवळ आहे. वेळ आली की तो बोलतो. अडीच तास लागले तरी चालेल.

टेबलावर एक कोरं कार्ड ठेव, त्यावर मोठी फुली. जॉन स्टाव्रोपुलोस यांनी ही पद्धत रूढ केली, एक्स-कार्ड म्हणतात. एखादी गोष्ट कोणाला सहन होत नसेल तर त्याने कार्डाला बोट लावायचं. आपण कारण न विचारता ती गोष्ट वगळायची. गुरुवारच्या खेळात विहिरीच्या चिठ्ठीला एकाने बोट लावलं. मी म्हटलं, बरं, विहीर स्वच्छ आहे, पण पोहरा तुटलाय. दहा सेकंदांत पुढे गेलो.

नवखा_सूत्रधार

'आधी शेवट लिही' हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. आणि गोंगाटाचं काय करता? कॅफेत मिक्सर चालू असतो.

मोरपंखी

जेन कॉनला एका हॉलमध्ये कितीतरी टेबलं, प्रत्येकावर कोणी ना कोणी ओरडतंय. पहिल्या दिवशी मी वरचढ आवाजात बोलले आणि संध्याकाळी घसा बसला. दुसऱ्या दिवशी उलट केलं : आवाज खाली आणला, उभी राहिले आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या खुर्चीमागे गेले. बाकीचे आपोआप पुढे झुकतात. तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा, हाताशी कोमट पाणी. आत एसी कडाक्याचा असतो, बाहेर ऑगस्टचं ऊन, शाल न्याच. बाहेर खाण्याच्या गाड्यांची रांग असते, पण दोन खेळांच्या मधल्या वेळात तिथे उभं राहणं जमत नाही. मी दशम्या आणि लसणीची चटणी नेली होती. शनिवारी अर्धी चटणी टेबलावरच संपली.

घाटावरचा

आणि तुम्ही स्वतः दुसऱ्या कोणाच्या टेबलावर खेळलात की नाही?

मोरपंखी

रविवारी सकाळी एकच. सूत्रधार साठीच्या बाई होत्या, खेळ एका दीपगृहाचा. त्यांनी सुरुवातीला सहाही जणांची नावं विचारली आणि चार तासांत एकदाही चुकल्या नाहीत. मी पुढच्या वर्षी टेबलाचा नकाशा काढून त्यावर नावं लिहिणार आहे, ते तिथे शिकले.

नवखा_सूत्रधार

धागा वर काढतोय. काल कॅफेतलं टेबल झालं! ताईंची परवानगी घेऊन गडच चालवला, आषाढासकट. बाहेरही पाऊस होता. पाच जण आले, त्यांतले तिघं पहिल्यांदाच फासा हातात घेणारे. आठ चिठ्ठ्यांपैकी तीनच झाल्या. पाऊण तास उरल्यावर वळलो आणि सात मिनिटं आधी संपलं.

इथे हिरकणी सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे कड्यावरून कोणी उतरलं नाही. हवालदार झालेला मुलगा आयटीतला, सगळ्यात शांत. निरोप आला तेव्हा त्याने सबनीस आणि सरनोबताला जवळ बोलावलं. म्हणाला, नियम मी मोडत नाही, पण नियम तिघांचा आहे, तिघांनी मिळून ठरवू. वीस मिनिटं बोलले. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. शेवटी दार उघडलं नाही, तटावरून दोराने वैद्यिणीला खाली सोडलं आणि दोर तिघांनी धरला. किल्ली म्हणून मी आजोळच्या वाड्याची जुनी किल्ली नेली होती.

सह्यमित्र

दोर तिघांनी धरला, हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या टेबलाला मला कळवा. खेळायला नाही, बघायला येईन. बरं, खेळायलाही येईन.

मोरपंखी

नवख्या, किती छान! दोर धरायचा म्हणजे दोन्ही हात गुंतले. मग किल्ली कोणाकडे दिली होती त्याने?